आउटरला उतरायचं नाही

सोमवार, १७ नोव्हेंबर

ज्ञानेशला अक्कल नाही. पोटचा आहे म्हणून लिहिते, परका असता तर सोडून दिलं असतं. त्याच्या पोरीला, यशश्रीला, नाशिकरोडला नोकरी लागली, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये. घरात पेढे आणायचे सोडून हा म्हणतो, जाऊ दे तिला, पण मनमाडहून एकटीने अपडाऊन करायचं नाही, आई सोबत जाईल. कोणाची आई? त्याची. म्हणजे मी. बहात्तर वर्षांच्या बाईने रोज सकाळी गाडीत बसायचं, दिवसभर तिकडे ताटकळायचं, संध्याकाळी पोरीला घेऊन परत. मी म्हटलं, "अरे, उद्या मी पडले तर राखण कोणी कोणाची करायची?"

तर म्हणतो, "मग राहू दे नोकरी. उन्हाळ्यात उजवून टाकू."

मीना, माझी सून, गॅसपुढे उभी होती. तिने पोळी जाळली. तिला बोलता येत नाही तेव्हा ती पोळी जाळते. यशश्री ताटाकडे बघत बसली. वीस वर्षांची घोडी, पण बापापुढे दातखीळ.

मी म्हटलं जाते. काढ पास.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि सोबतीला कोणी नव्हतं. तेवढ्यावर हे लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नयेत. ही डायरी यशश्रीने दिली. वर्ष संपत आलं, कोरीच होती. म्हणाली, "आजी, दिवसभर भिमाआजीकडे बसून भांडत राहशील, त्यापेक्षा लिही." भिमा माझी मावसबहीण, जेलरोडला राहते. दिवस तिच्याकडे काढायचा असं ठरलं आहे. भांडण होईल ते होईलच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बायकांच्या डब्यात चढलो. गाडी मनमाडलाच भरते, तरी खिडकीजवळच्या बऱ्याच जागा रिकाम्या. मी बसायला गेले तर यशश्रीने हात धरला. "आजी, तिथे ओढणी आहे."

"मग?"

"म्हणजे जागा धरलेली आहे. मालिनी मॅडमची. त्या निफाडला चढतात, इथली कोणी मैत्रीण टाकून ठेवते."

निफाडला चढणाऱ्या बाईची जागा मनमाडपासून एक ओढणी राखत बसते. मी ओढणी उचलली, घडी केली, मांडीवर ठेवली आणि बसले. समोर एक हसरी बाई होती, तरन्नुम. नाशिकरोडला एका दुकानात शाळेचे ड्रेस शिवते. ती म्हणाली, "दादी, आज डब्यात महाभारत होणार बरं का."

निफाडला मालिनी मॅडम आल्या. बँकेतल्या आहेत. चष्मा, पर्स, इस्त्रीची साडी. "आजी, ही माझी जागा आहे. सहा वर्षं मी इथेच बसते."

मी म्हटलं, "सहा वर्षं? मग आज जरा उभ्या राहा, पाय आखडले असतील."

डबा हसला. यशश्री खिडकीबाहेर बघायला लागली, जशी काही ती मला ओळखत नाही. मॅडम उभ्या राहिल्या, पण तोंड करून. ओढणी मी त्यांना परत दिली, चांगली घडी घालून.

पुढे खरा त्रास. नाशिकरोड तोंडावर आलं आणि गाडी उभी. ना स्टेशन, ना झाड. दोन्ही बाजूंना खडी आणि रूळ. स्टेशनात फलाट मोकळा नसला की गाडी बाहेर उभी करतात, त्याला हे लोक आउटर म्हणतात. ही आउटरला अर्धा तास निवांत उभी. आणि डब्यातल्या बायका काय करतात? धडाधड खाली उड्या! पर्स गळ्यात, चपला हातात, रुळांवरून चालत निघाल्या. मालिनी मॅडमसुद्धा, इस्त्रीच्या साडीत. यशश्रीच्या लॅबमधल्या दोघी पोरी पण गेल्या. यशश्री उठली, माझ्याकडे बघितलं आणि परत बसली.

"तू नाही उतरत?"

"नको गं. बूट नवे आहेत, खडीवर खराब होतील."

शहाणी पोर आहे. आम्ही गाडी आत जाईपर्यंत बसलो. डब्यात आम्ही दोघी, आणि एक मेथीची गड्डी कोणाची तरी राहिलेली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मधले दोन दिवस लिहिलं नाही. तेच ते. बुधवारी आउटरला उभी. गुरुवारी थेट आत गेली तर बायकांनी देवाला हात जोडले. आज परत उभी.

आज मी टीसीला पकडलं. कोवळा आहे, पण कोट घातला की सगळे एकसारखे दिसतात. म्हटलं, "ही रोज इथेच का मरते?"

"मावशी, मागून लांब पल्ल्याची येते. फलाट तिला द्यावा लागतो."

"लांबचे वर्षातून एकदा येणार. आम्ही रोजचे."

"म्हणूनच. रोजच्यांना सवय असते."

याला काय म्हणायचं? खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं.

मी म्हटलं, "थांबवायचीच आहे ना, मग अलीकडच्या त्या बारक्या स्टेशनात थांबवा. तिथे फलाट आहे, माणसासारखं उतरता तरी येईल. इथे खडीत कशाला?"

तो म्हणाला, "बोलता ते बरोबर आहे, पण ते वरून ठरतं."

"वर कोण?"

"वरचे."

भिमाला सांगितलं तर ती म्हणते, "तुला काय करायचंय? तू बसून जातेस, बसून येतेस." हिचं सगळं आयुष्य दारात मटार सोलण्यात गेलं, हिला काय सांगायचं.

यशश्री डबा अर्धा परत आणते. मी विचारलं, उशीर झाला की सर काही बोलतात का. म्हणाली, नाही, सर चांगले आहेत. मग तोंड का उतरलंय? म्हणाली, थंडी. थंडी सगळ्यांनाच आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रविवारभर डोक्यात गाडीच होती. देवपूजा करताना पण. माझ्या लक्षात एक आलं. आपली गाडी त्या बारक्या स्टेशनात थांबते. मिनिटभर का होईना, थांबते. तिथे एक माणूस उतरत नाही. मग पुढे जाऊन आउटरला अर्धा तास उभी. तर तिथेच का उतरू नये?

तरन्नुमला विचारलं. ती म्हणाली, "दादी, तिथे उतरून करायचं काय? रिक्षा नाही, बस नाही, काळं कुत्रं नाही."

"रिक्षा आणली तर?"

"कोण आणणार?"

"तुझ्या घरात कोणाची नाही का?"

तर निघाली! तिचे दीर, अकबरभाई, नाशिकरोडलाच रिक्षा चालवतात. संध्याकाळी त्यांना स्टेशनबाहेर बोलावून घेतलं. दाढी मेंदी लावलेली, माणूस सरळ बोलणारा. म्हणाले, "आजी, येतो. पण सवाऱ्या पक्क्या पाहिजेत. तुम्ही आज या, उद्या नका, असं जमणार नाही. तेवढ्या लांब रिकामी रिक्षा आणून मी काय वारा खाऊ?"

मी म्हटलं, पाच बायका पक्क्या. माझा शब्द.

तरन्नुम माझ्याकडे बघतच राहिली. "दादी, पाच कोण?"

"ते उद्या कळेल."

यशश्री म्हणाली, "आजी, तू थोडं आधी विचारत जा ना." विचारत बसले असते तर ज्ञानेशसुद्धा झाला नसता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

नाक कापलं गेलं.

सकाळी डब्यात एकेकीला विचारलं. सगळ्या हो हो करतात आणि मान दुसरीकडे वळवतात. मालिनी मॅडम म्हणाल्या, "त्या ओसाड स्टेशनवर? मी नाही बाई." बाकीच्यांना तेवढंच पाहिजे होतं. शेवटी उतरलो तिघी. मी, यशश्री, आणि दिराला तोंड काय दाखवायचं म्हणून तरन्नुम. फलाट ठेंगणा. तरन्नुमने मला काखेत हात घालून पोत्यासारखं उतरवलं.

आणि गाडी! त्या दिवशीच तिला सिग्नल मिळाला. थांबली नाही, अडली नाही, भोंगा वाजवत थेट आत. मालिनी मॅडम खिडकीतून हात हलवत गेल्या. टाटा करत होत्या.

अकबरभाईंचा पत्ता नाही. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यात रिक्षा अडकलेली. आले तेव्हा मी रिकाम्या फलाटावर उभी राहून रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. यशश्री सारखी घड्याळ बघत होती. रिक्षातही. लॅबच्या दारात उतरली आणि पळाली. त्या पळण्यात काहीतरी होतं ते मला आवडलं नाही, पण बोलू काय, माझाच बेत होता.

अकबरभाई म्हणाले, "पाच म्हणाला होतात."

मी म्हटलं, "होतील."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

तरन्नुमचा पाय मोडला.

गाडी आउटरला उभी होती. सगळ्यांबरोबर तिनेही उडी मारली, खडी सरकली आणि पाय रुळाखालच्या दोन स्लीपरांमध्ये गेला. तिला उठता येईना. तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून भोंगा. मी दारात होते. मला खाली उतरता येत नाही, वरून ओरडण्याशिवाय काही करता येत नाही. ओरडले. मालिनी मॅडमने मागे वळून बघितलं, पर्स टाकून दिली, तरन्नुमला काखेत धरून ओढलं. दोघी खडीत पडल्या. पलीकडून गाडी गेली. मॅडमची साडी गुडघ्यापर्यंत फाटली.

तरन्नुम पांढरी पडली होती, तरी म्हणते, "दादी, मेरा डब्बा... डबा वर राहिला माझा."

यशश्री माझ्या शेजारी उभी, माझा दंड घट्ट धरून. मी मनात म्हटलं, बरं झालं हिचे बूट नवे आहेत.

तरन्नुमच्या घोट्याचं हाड मोडलं आहे. दोन महिने घरी. शाळांच्या ड्रेसचं काम अंगावर घेतलेलं, ते कोण करणार देव जाणे. दवाखान्यात अकबरभाई भेटले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी गाडीत यशश्री म्हणाली, "आजी, सरांनी घरच्यांना बोलावलंय. बाबांना सांगू नकोस. तू ये." आणि रडली. डोळ्यात कचरा गेला म्हणाली. दोन्ही डोळ्यांत एकदम कचरा जात नाही, एवढं मला कळतं.

लॅबचे दिवाकर सर माझ्या ज्ञानेशच्या वयाचे. खुर्ची दिली. म्हणाले, "आजी, हिचं काम चांगलं आहे. हात हलका आहे, लहान मुलंसुद्धा रडत नाहीत. पण आमच्याकडे सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला लोक येतात. शुगरची म्हातारी माणसं ताटकळतात, चक्कर येते. पहिला महिना आम्ही बघत असतो. हिचा रोजचा उशीर."

मी म्हटलं, "साहेब, उशीर गाडीचा. गाडीला विचारा."

"बाकीच्या दोघी त्याच गाडीने येतात. त्या वेळेवर येतात."

"त्या रुळावर उड्या मारतात. काल एकीचा पाय गेला. आमची शहाणी आहे, उडी मारत नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी तिला तेच विचारलं. म्हणाली, सोबत आजी असते. तिला उतरता येत नाही. तिला एकटीला डब्यात सोडून कशी येऊ?"

मी पाणी मागितलं. फार गार होतं, दाढ ठणकली.

मग ते म्हणाले, "सोमवारपासून वेळेवर आली नाही तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. माझा नाइलाज आहे."

"येईल."

"कशी?"

"ते माझ्याकडे लागलं."

परतीच्या गाडीत तिला झोडपली. तोंडाने. "मूर्ख आहेस का? पहिल्या दिवशीच का नाही बोललीस?"

"काय बोलू? तू आहेस म्हणून नोकरी आहे. तू नको म्हटलं तर बाबा नोकरीच सोडायला लावतील."

"आणि बुटांचं काय सांगत होतीस?"

"बूट आईचेच आहेत. जुने. तू बघितलेसुद्धा नाहीस."

आता मी हिची राखण करायला गेले की हिचा पाय धरायला? अकरा दिवस रेल्वेला शिव्या दिल्या. रेल्वेला द्यायच्या त्या द्यायच्याच, त्या काही मी परत घेत नाही. पण त्यातल्या थोड्या माझ्या वाट्याच्या होत्या.

आता निजते. उद्या तोंड उघडायचं आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

निफाड सुटल्यावर मी डब्याच्या मधोमध उभी राहिले. वरची कडी धरली. म्हटलं, "बायांनो, ऐका. मंगळवारी मी तोंडघशी पडले, ते तुम्ही बघितलं आणि हसलात. हसा. पण गुरुवारी जे बघितलं त्याला कोणी हसलं नाही. सोमवारी त्या बारक्या स्टेशनात कोण उतरतं?"

एक पोरगी म्हणाली, "आणि परत गाडी थेट गेली तर?"

"थेट गेली तर आपण दहा मिनिटं मागे. तेवढं धरून चाला. आउटरला उभी राहिली तर वीस मिनिटं पुढे, आणि पाय शाबूत. आठवड्यातून एखादा दिवस थेट जाते. बाकीच्या दिवसांचं बोला."

सगळ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, परत गेली अब्रू.

तेवढ्यात मालिनी मॅडम. हाताला पट्टी बांधलेली. म्हणाल्या, "मी उतरते. काल माझी मुलगी विचारत होती, आई, तू पण तशी उडी मारतेस का गं? मी नाही म्हटलं. खोटं बोलले मी तिच्याशी."

मग हात वर व्हायला लागले. मला एक रिक्षा भरायची होती, दोन भरल्या. मॅडमने तिथूनच अकबरभाईंना फोन लावला. आवाज मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

अकबरभाई म्हणाले, "आजींनी दिलेल्या पाच की खऱ्या पाच?"

"खऱ्या नऊ. दुसरी रिक्षा घेऊन या. आणि भाई, ट्रॅक्टरच्या आधी."

"ट्रॅक्टर कळले मला आता. मळ्यातल्या रस्त्याने येतो. तुम्ही फक्त उतरा."

मॅडम म्हणाल्या, वरचे जे कोणी आहेत त्यांच्या मागे मी लागते, गाडी थांबवायची तर फलाटाला थांबवा म्हणून. लागू दे. बँकेतल्या बाईला मागे लागायची सवय असते.

तरन्नुमची जागा रिकामी होती. मॅडमने आपली जागा धरायची ओढणी पर्समधून काढून तिच्यावर टाकली. मला उभं राहून पाय दुखत होते, तरी मी तिथे बसले नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

जेवताना सांगितलं. "उद्यापासून मी नाशिकला जाणार नाही."

ज्ञानेश म्हणाला, "बरं झालं. थंडी वाढलीये. तीही नाही जाणार."

"ती जाणार."

"एकटी?"

"नऊ बायका आहेत. तुझ्या आख्ख्या ऑफिसात एवढी माणसं नसतील."

"आई, उगाच शब्दाला शब्द वाढवू नकोस. रिक्षाने, कुठल्या तरी ओसाड स्टेशनवरून... काही झालं तर? लोक मला विचारतील, पोरीला एकटी का सोडली. काय उत्तर देऊ मी?"

"मी सोबत होते तेव्हा काय झालं ते विचारलंस का? नोकरी जायला आली. ती खाली उतरत नव्हती, कारण मला उतरता येत नाही. तू माझी सोबत दिलीस का तिला लोढणं बांधलंस?"

तो यशश्रीकडे वळला. "हे खरं का?" तिची परत दातखीळ. मी टेबलाखालून पाय मारला. मग म्हणाली, "खरं आहे बाबा. आणि मला नोकरी सोडायची नाहीये." आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं.

ज्ञानेश ताटावरून उठला. बाहेर जाऊन उगाच गाडी पुसत बसला. पुसलेली गाडी.

मीना पोळ्या करत होती. मागे न बघता म्हणाली, "आई, उद्या डबा एकीचाच करायचा ना?" सगळ्या पोळ्या चांगल्या झाल्या होत्या.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी मीच स्टेशनला घेऊन गेले. ज्ञानेश खोलीतून बाहेर आला नाही. डब्यात चढवलं, जागा मिळवून दिली. एका ओढणीशी थोडं बोलावं लागलं. मी खाली उतरले. डब्यातल्या बाया दारात येऊन म्हणायला लागल्या, आजी, चला की, आज तर तुमचा दिवस. मी म्हटलं, तुमच्याबरोबर वेळ घालवायला मी रिकामी नाही.

गाडी गेली. मी बाकावर बसले. त्या बाकावर ऊन चांगलं येतं, म्हणून बसले. दुसरी एक गाडी आली, गेली. तिसरी आली तेव्हा उठले. पास महिना भरेपर्यंतचा आहे, वाया जाणार. भिमालाही सांगायला हवं, नाहीतर मटार माझ्यासाठी ठेवत बसेल.

मीनाच्या फोनवर यशश्रीचा फोन आला. गाडी आउटरला उभी राहिली. ह्या नऊ जणी रिक्षातून पुलावर आल्या तर खाली आपलीच गाडी उभी दिसत होती म्हणे, सगळ्या ओरडल्या. लॅब उघडायच्या आत ही दारात. सरांनी नुसतं घड्याळाकडे बघून मान हलवली. दोन रिक्षा बरोबर वेळेवर होत्या. तरन्नुमने दिराला घरून चार वेळा फोन केला होता, निघालात का म्हणून.

दुपारी ज्ञानेश जेवायला आला. फोनचं मीनाने सांगितलं. तो म्हणाला, "आज झालं. रोज असंच होईल का? संध्याकाळी येऊ दे तिला, मला विचारायचंय तिला."

मी ताट पुढे सरकवलं आणि सांगून टाकलं. ती दमून येईल. आल्या आल्या तिच्यापुढे उभं राहायचं नाही. हातपाय धुऊ दे, चहा घेऊ दे. आजचं, उद्याचं, लोक काय म्हणतात त्याचं, जे विचारायचं असेल ते मला विचार. पाठवली मी आहे. जाब मी देईन. पोरीने एक शब्द बोलायचा नाही.